ताप आला तर कुणाच्या नावावर?

लस नको म्हणणारं माणूस अडाणी असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी लम्पीच्या वर्षी आमच्या माण तालुक्यात यायला हवं होतं. 2022 चा पावसाळा सरता सरता जनावरांच्या अंगावर गाठी दिसायला लागल्या. जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती बंद झाल्या. आदल्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती मोकळ्या केल्या होत्या, त्यामुळे खिलार खोंडाचा भाव चढलेला, आणि त्यात हे. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस मोटारसायकलला लशीचा डबा बांधून आला, की वस्तीवरची झाडून सगळी माणसं गाईबैल घेऊन देवळापुढं हजर. दवंडी नाही, स्पीकर नाही, कुणाच्या पाया पडणं नाही. लस होती गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीवरची. ती गाईबैलांना टोचत होते. "शेळीचं औषध बैलाला कसं चालंल?" असं एकानंही विचारलं नाही. (गंमत अशी, की माणसाला देवीपासून वाचवलं ते गाईच्या देवीनं, आणि आता गाईला वाचवायला शेळीची देवी धावून आली.)

मी समोर अंगणवाडीत लेकरांच्या लशीचा माझा डबा घेऊन बसले होते. रांगेत खोंडाचा कासरा धरून एक आबा उभे. त्यांच्या नातीचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस राहिलेला. ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस द्यायची राहिलेल्यांच्या यादीत, तिचं नाव महिन्यामागून महिने पुढं सरकत होतं. मी म्हटलं, "आबा, खोंडाचं झालं की नातीला पाठवा इकडं."

"तिला काय झालंय? चांगली खेळतीया की."

खोंडालाही काही झालं नव्हतं. ते तर उधळत होतं, दोघांना आवरत नव्हतं.

हे सांगितलं की शहरातली माणसं हसतात आणि लगेच निकाल देतात: बघा, बैलाची किंमत आहे, पोरीची नाही. मला हे मुळीच पटत नाही. त्या घरात नातीचे लाड मी डोळ्यांनी पाहिलेत. आबा तिच्यासाठी म्हसवडच्या आठवडी बाजारातून न चुकता खाऊ आणायचे. माझं सांगणं वेगळं आहे. शेजारच्या वाडीत लम्पीनं बैल मेला होता, जेसीबीनं खड्डा काढून पुरला होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. गोवरानं पोर गेलेलं त्या वस्तीवर पन्नाशीच्या आतल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. ही एक गोष्ट. पण ती सगळ्यांनाच माहीत असते, प्रत्येक भाषणात येते. दुसरी गोष्ट भाषणात येत नाही. टोचल्यावर खोंडाला ताप आला तर सरकारला चार शिव्या बसतात आणि विषय संपतो. टोचल्यावर पोरीला ताप आला, तर तो ताप तिला घेऊन गेलेल्या बाईच्या नावावर लागतो.

मी आरोग्यसेविका होते. कागदावर एएनएम, गावात सिस्टर, म्हाताऱ्या बायकांत "टोचणारी बाई". आता निवृत्त आहे, म्हणून हे लिहायला सवड मिळाली. नोकरीतली बरीच वर्षं एका उपकेंद्रावर गेली. त्याच्याखाली गावं थोडी आणि वाड्यावस्त्याच जास्त. निम्मी घरं मेंढपाळांची, दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरून कोकणाच्या अंगाला जाणारी. त्यांच्या लेकरांचं कार्ड आईच्या ट्रंकेत आणि लेकरू कुठल्यातरी शेतात बसवलेल्या कळपाबरोबर. हेच लोक मेंढरांना आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घेतात, आणि उशीर झाला तर दवाखान्यात जाऊन भांडतात. धडधाकट जिवाला सुई द्यायची असते हे त्यांना मला शिकवायची गरज नव्हती.

एका प्रशिक्षणात आम्हाला 'हेल्थ बिलीफ मॉडेल' शिकवलं. 1950 च्या दशकात अमेरिकेत क्षयरोग शोधायला एक्स-रेच्या गाड्या मोहल्ल्यात नेऊन उभ्या करायचे. फुकट तपासणी, दाराशी, तरी लोक येत नव्हते. का येत नाहीत हे तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी शोधायला घेतलं आणि त्यातून हा आराखडा निघाला. माणूस मनात हिशेब करतो: हा आजार मला होईल का, झाला तर किती वाईट, उपायाचा फायदा किती, आणि उपायाला अडचणी किती. वर कुणीतरी किंवा कशानंतरी ढोसावं लागतं, तेव्हा तो उठतो. प्रशिक्षक साहेबांनी पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवले. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. लोकांना मूर्ख न समजता त्यांच्या हिशेबाकडे बघा, असं सांगणारं ते पहिलंच प्रशिक्षण होतं. फक्त त्या चौकोनांत सासू कुठंच नव्हती. हिशेब करणारा एकटाच माणूस होता, आणि आमच्याकडे एकट्यानं हिशेब करणारी बाई मला क्वचितच भेटली.

दीड महिन्याच्या लसीचं बघा. आता त्या दिवशी लेकराला तीन सुया असतात. डाव्या मांडीत पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकच लस, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही, उजव्या दंडावर पोलिओची छोटी सुई. शिवाय पोलिओचे आणि जुलाबावरच्या रोटाचे थेंब. "एवढुशा जिवाला तीन-तीन?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कुणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे हा डोस बहुधा माहेरीच पडतो. तिथं लेकीबरोबर तिची आई येते, टोचताना दोघी रडतात, रात्री ताप आला तर दोघी आळीपाळीनं जागतात आणि कुणी कुणाला काही बोलत नाही. मग लेक सासरी जाते आणि अडीच महिन्याचा डोस नेमका राहतो. मी ड्यू लिस्ट चाळताना हे कित्येकदा पाहिलंय: पहिल्या पेंटावर दुसऱ्याच गावच्या सिस्टरची सही, दुसऱ्या पेंटाचा रकाना कोरा. त्या कोऱ्या रकान्याला वर "गैरसमज" असा शेरा देऊन पाठवायचं असतं. पोरीला गैरसमज कसलाच नसतो. मागच्या वेळी ताप आला होता हे तिनं भोळेपणानं सासरी सांगितलेलं असतं, एवढंच.

आणि ताप येतो, हे खरंच आहे. पेंटामधला डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या मेलेल्या जंतूंचा असतो, म्हणून अंग तापतं, मांडी सुजते, लेकरू किरकिरतं, एखाद-दोन दिवसांत उतरतं. खाजगीत जी 'पेनलेस' मिळते तीत जंतूचे निवडक तुकडे असतात, त्यानं ताप कमी येतो. पण ती महाग, आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण आपल्या साध्या लसीचं जास्त टिकतं. हे मी पुण्याहून आलेल्या एका सुनेला समजावून सांगत होते, तर तिची सासू मध्येच म्हणाली, "म्हंजे फुकटचं हाय म्हणून ताप येतोय, असंच ना?" ताप ही तिच्या दृष्टीनं मालाच्या दर्जाची खूण होती. मागं एकदा दुसऱ्याच वस्तीवर एक आजी उलटं बोलल्या होत्या: ताप आला नाही म्हणजे सिस्टरनं पाणी टोचलं. दोघींची समजूत एकमेकींच्या विरुद्ध, आणि दोघींपुढं मी तीच बाटली धरलेली.

जुन्या बायकांचा तर खुणेवर विश्वास. त्यांच्या स्वतःच्या दंडावर देवीच्या लसीचे मोठाले वण आहेत. त्यांच्या लहानपणी देवी काढणारा माणूस यायचा तेव्हा पोरांना कणगीत लपवायचे, हे त्याच हसत सांगतात, आणि त्याच म्हणतात की आमच्या वेळची लस खरी, हातावर दिसत्ये. क्षयावरच्या बीसीजीचा फोड महिना-दीड महिन्यानं पिकतो आणि वण राहतो, म्हणून ती त्यांना चालते. गोवराच्या सुईचा मागमूस राहत नाही. "कुठं दिलीस ते दाव" म्हणायच्या. मी कार्डावरची तारीख दाखवायची. त्यांच्या लेखी तारीख म्हणजे शाई.

पोरांना लपवण्यावरूनही लोक हसतात. पण ही भीती जुनी आहे, अगदी सुरुवातीची लस काय होती तेही बघावं. आपल्या देशात जेन्नर या इंग्रज डॉक्टरची देवीवरची पहिली लस 14 जून 1802 ला मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. तिच्या दंडावर फोड आला, त्यातली लस पुढच्या पोरांना, त्यांच्या फोडातली आणखी पुढच्यांना. दंडाकडून दंडाकडे अशी ती लस चालायची, थंड डबे नव्हतेच. कुणाच्या तरी पोराच्या फोडातलं पाणी माझ्या पोराच्या रक्तात. जात, विटाळ, किळस आणि दुसऱ्याचा आजार लागायची भीती, सगळं एका सुईच्या टोकावर. त्यातली आजार लागायची भीती खोटीही नव्हती. मी स्वतः त्या काळात आई असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही. पण देवी गेली ती लसीनंच. 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला, आणि लपवलेल्या पोरांच्या नातवंडांना तो रोग काय होता हे विचारावं लागतं.

देवी गेली, पण तिचा सगळा मान गोवर-कांजण्यांकडे आला. घरात गोवर उठला की फोडणी बंद. उंबऱ्याला आणि लेकराच्या अंथरुणावर कडुलिंबाचा डहाळा. बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही, आतलं भांडं बाहेर द्यायचं नाही. आई आल्यात, त्यांना राग येईल असं काही करायचं नाही, आणि डॉक्टरला दाखवणं हे राग येण्यासारखं. उतरला की लिंबाच्या पाण्यानं अंघोळ, दहीभाताचा नैवेद्य, आईची बोळवण.

नोकरीला लागले तेव्हा आमच्या डॉक्टरांचा हुकूम होता की हे सगळं मोडून काढा. मी थोडे दिवस प्रयत्न केला आणि मग सोडून दिला, कारण नीट पाहिलं तर यातलं निम्मं कामाचंच होतं. बाहेरच्याला आत न घेणं म्हणजे दुसरं काय? गोवर हवेतून पसरतो. ज्यांना संरक्षण नाही अशी दहा माणसं गोवर झालेल्याच्या सहवासात आली तर नऊ जणांना होऊ शकतो. दार बंद ठेवणाऱ्या आजीबाई मला हव्याच होत्या. डहाळा अंथरुणावर राहू दे, मला काय अडचण? भांडायचं ते दोन गोष्टींवरून. लेकराचं खाणं-पिणं तोडायचं नाही, अंगावरचं दूध चालू ठेवायचं, आणि मी आणलेला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस त्याच्या तोंडात जाऊ द्यायचा, कारण गोवर डोळे खातो. मी डोस नैवेद्याच्या वाटीशेजारी ठेवून म्हणायची, "हे आईंचंच आहे, डोळ्यांसाठी." ही लबाडी आहे असं आमची एक तरुण आशाताई मला तोंडावर म्हणाली. असेल.

पण गोवराच्या लसीला अडसर देवीचा नव्हताच, उष्णतेचा होता. गोवर म्हणजे अंगातली उष्णता, ती बाहेर निघालीच पाहिजे. पुरता उठला नाही, आत राहिला, तर पुढं आयुष्यभर कुठून ना कुठून त्रास देणार. आता या समजुतीत लस बसवून बघा. सिस्टर काय करते? गोवर उठूच देत नाही. म्हणजे उष्णता आतच दाबते. ज्या बाईला हे मनापासून वाटतं, तिनं नातवंडाला टोचू न देणं हे तिच्या जागी अगदी रास्त आहे. तिला "लस सुरक्षित आहे" असं शंभरदा सांगून उपयोग नाही, तिचा प्रश्न तो नाहीच. मी सांगायला लागले की गोवर उठून गेला म्हणजे अंग मोकळं झालं हे उलट आहे. गोवर उतरल्यावर लेकरू दोन-चार महिने सारखं आजारी का पडतं? जुलाब, छाती भरणं, कान फुटणं? तुम्हीच म्हणता की गोवरानं पोरगं खंगलं. गोवर अंगाची रोगांशी लढायची जुनी ओळख पुसून टाकतो, म्हणून. ते "खंगणं" त्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे बोलणं आत शिरायचं. कधी शिरायचं, कधी नाही.

2018 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षं, सगळी मुलं, शाळाशाळांतून. त्या दिवशी शाळेची हजेरी एकदम रोडावली. फोनवर मेसेज फिरत होते की या लसीनं पुढं मुलं होत नाहीत. एका शाळेत आठवीच्या वर्गात एक मुलगी टोचल्यावर लगेच चक्कर येऊन बसली, रिकाम्या पोटी आली होती. दोन मिनिटांत तिच्या मागची पडली, मग खिडकीतून बघणारी पडली, जिला अजून टोचलंच नव्हतं! मी खिडकीवर सतरंजी बांधली, पडलेल्यांना आडवं करून पाय वर केले, रांग वऱ्हांड्यातून वर्गाच्या मागं नेली आणि गणिताच्या मास्तरांना म्हटलं, रांगेतल्या पोरींना पाढे म्हणायला लावा. एकोणतीसचा पाढा म्हणता म्हणता चक्कर यायची थांबली. भीतीची चक्कर लसीच्या दुष्परिणामाइतकीच खरी असते, फक्त तिचं औषध वेगळं. गावात मात्र संध्याकाळपर्यंत बातमी गेलेली, शाळेत पोरी बेशुद्ध पडल्या.

कोरोनाच्या वेळचं तर किती सांगू. 2021 च्या मार्चमध्ये आम्ही ज्येष्ठांना घरोघर बोलवायला जायचो, ते म्हणायचे, "आमचं काय राह्यलंय, पोरांना द्या." मे उजाडला, दुसऱ्या लाटेत प्रत्येक गावातून माणसं गेली, आणि तेच लोक पहाटे पाचला केंद्राबाहेर चपला मांडून नंबर लावायला लागले. तेव्हा लसच शिल्लक नसायची. पुरुषांत सगळ्यात मोठी शंका कुठली होती सांगू? नपुंसकत्वाची नाही, दोन वर्षांत मरणाचीही नाही. "लस घेतल्यावर किती दिवस घ्यायची नाही?" कुणीतरी पसरवलं होतं की महिनाभर दारू बंद, नाहीतर लस उलटते. गावातली ठरावीक मंडळी या एका अफवेपायी शेतात लपून बसायची. दारूनं लसीचा परिणाम कमी होतो असा पुरावा नाही, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानंच सांगितलं होतं. पण ते मोठ्यानं सांगायला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणी तयार होईना. घरच्या बायकांनी आम्हाला फाडून खाल्लं असतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला, लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही. आकडे वाढतात अशानं. आमच्याकडे तसा हुकूम नव्हता, तरी नुसत्या बातमीनं काहीजण रागारागानं आले, दंड पुढं न करता मोबाईल पुढं केला: "टोचू नका, फक्त सर्टिफिकेट टाका." धाकानं टोचून घेतलेला माणूस पुढच्या वेळी त्याच्या नातवंडाला घेऊन येईल का, ही काळजी मला होती, आकडा मागणाऱ्यांना नव्हती.

आणि आपल्या बाजूनं काही वावगं घडतच नाही असंही नाही. 2021 च्या जानेवारीअखेरीला यवतमाळ जिल्ह्यात 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. पण पुढच्याच फेरीत एका आईनं माझ्या हातातली कुपी घेतली, उलटसुलट केली, वास घेतला आणि मग लेकराचं तोंड उघडलं. मला तिचा राग आला नाही. उलट मी कुपीवरच्या खुणेतला चौकोन आणि गोल तिला दाखवला. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस चांगली, गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की फेकायची. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या बायकांना दाखवत होती. अशी तपासून घेणारी आई मला पोस्टरपेक्षा जास्त उपयोगी पडली.

मूळ मुद्दा नावाचा. गोवर आला तर आईची इच्छा, न्यूमोनिया झाला तर थंडी बाधली, कुणाचा दोष नाही. टोचून ताप आला तर दोष आहे, आणि दोषाला नाव आहे. एकवीस-बावीस वर्षांची पोर, लग्नाला दोन वर्षं झालेली, तिनं हा दोष का पत्करावा? म्हणून मी हळूहळू पद्धत बदलली. टोचायच्या आधीच सासूला बोलावून घ्यायचं, नसेल येत तर घरी जायचं, आणि सगळ्यांदेखत सांगायचं: "आज रात्री ताप येणार आहे. मांडी सुजणार आहे. लेकरू रडणार आहे. हे मी करतेय, हिनं नाही. शिव्या द्यायच्या तर मला द्या, उद्या सकाळी मी येते ऐकायला." पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती, कधी, ते सासूच्याच हातात द्यायचं. मांडी चोळायची नाही, शेकायची नाही, गार पाण्याची घडी ठेवायची, हे कामही तिलाच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच जायचं. यातली शेवटची गोष्ट केली नाही तर आधीच्या सगळ्या फुकट. टोचून अर्धा तास बसवायचं आणि चार संदेश सांगायचे, ही खात्याची शिकवण उत्तमच आहे, पण ताप संध्याकाळी सातला चढतो, तेव्हा सिस्टर एसटीत असते.

सकाळी गेलं की चहा मिळायचा. शिव्या मला क्वचितच बसल्या.

आबांच्या नातीचं काय झालं? माझ्या बोलण्यानं काही नाही झालं. लम्पीच्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीकडं गोवराची साथ आली, लेकरं दगावली, टीव्हीवर रोज दाखवत होते. टीव्हीनंही काही हललं नाही. आबांची लेक मानखुर्दला दिलेली. तिचा फोन आला की चाळीतलं पलीकडच्या दारचं पोर दवाखान्यात आहे, ऑक्सिजनवर. पुढच्या सत्राला आजी स्वतः नातीला कडेवर घेऊन आली. सून मागं. मी टोचत असताना आजी सुनेला म्हणाली, "मी आणलीय हिला, ताप आला तर मी बघंन." ते ऐकून मला जे बरं वाटलं ते शेरे-बक्षिसांत कधी वाटलं नाही.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षात मात्र एक नवीन जात भेटायला लागली. शिकलेला बाप. कडुलिंबाचा डहाळा नाही, उष्णता नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून "नैसर्गिक प्रतिकारशक्ती" म्हणणारा. एका घरात असा बाप होता, बी.एस्सी. झालेला, सेंद्रिय शेती करणारा, बोलायला अतिशय गोड. मला बसायला खुर्ची द्यायचा, ताक द्यायचा आणि नाही म्हणायचा. आजी-आजोबांना मी म्हणू शकत होते की शिव्या मला द्या. याला शिव्या द्यायच्याच नव्हत्या. दोष कुणाचा हा प्रश्नच त्याच्यापुढं नव्हता. त्याला आपण काहीतरी बरोबर करतोय याचा अभिमान होता. माझ्याकडं त्याच्यासाठी काहीच नव्हतं. लम्पीत त्यानं गाय टोचली होती का, असं मी एकदा विचारलं. टोचली होती. म्हणाला, "जनावराचं वेगळं असतं सिस्टर, ते बिचारं गोठ्यात कोंडलेलं असतं."

त्याच्या बायकोनं माझ्यापुढं कधी तोंड उघडलं नाही. पण बाळ नऊ महिन्यांचं झालं तेव्हा ती पंधरा दिवस माहेरी गेली आणि परत आल्यावर माझ्या रजिस्टरच्या पानावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "इथं खूण करा, तारीख सांगते." माहेरच्या सिस्टरला मी फोन करून खात्री केली, कार्ड तिनं आईकडंच ठेवलं होतं. दुसरा डोस सोळा महिने पुरे झाल्यावर आहे. तोवर मी नोकरीत नव्हते. जागेवर आलेली सिस्टर तरुण आहे, हुशार आहे, टॅबवर भराभर नोंदी करते. चार्ज देताना मी तिला फ्रीजचं तापमान, वापरलेल्या सुया तोडायचा हब कटर, रजिस्टरं सगळं मोजून दिलं, आणि त्या बाईचं माहेर कुठलं आणि तिथल्या आशाताईंचा नंबर काय, तो वेगळ्या कागदावर लिहून दिला. टॅबमध्ये त्यासाठी रकाना नाही.